मेणाचा पाय

सीगबुर्गच्या डोंगरावर संत आनोच्या अस्थींच्या पेटीपुढे रांग लागली होती. रांगेतल्या गेरलाख नावाच्या कुंभाराला पुढच्या दोघींचं बोलणं ऐकू येत होतं: कोलोनची एक म्हातारी नि तिची सून. सुनेच्या कडेवर तीन वर्षांचं पोर होतं, अजून पाऊल न टाकलेलं.

"आत्याबाई, मेणाचा पाय आणलात ना? जे दुखतं त्याचाच आकार वाहावा लागतो इथं."

"घरचं मेण वितळवून केलंय. फडक्यात आहे. किती वेळा विचारशील?"

"दाखवा तरी."

"दाखवायचं त्याला दाखवीन. हा आनो आमच्या कोलोनचा आर्चबिशप होता तेव्हा तुझ्या सासऱ्यांच्या पणजोबांची मालानं भरलेली होडी हिसकावली यानं, आपल्या कुणा पाहुण्याला घरी पोचवायला. माल काठावर फेकला. पणजोबांनी तोंड उघडलं, तर यानं त्यांचे डोळे काढायला लावले. आणि आज मी त्याच्याच दारात ताटकळतेय."

"हळू बोला. ऐकतात ते."

"ऐकणारा असता तर तेव्हाच ऐकलं असतं."

"शंभर वर्षं होऊन गेली त्याला. आता संत आहेत ते. माझ्या लेकरासाठी तरी दोन शब्द गोड बोला."

"मग एवढा डोंगर मी कुणासाठी चढले?"

त्यांची पाळी आली. सुनेनं पोराचे पाय पुढं करून दाखवले. पेटीजवळच्या भिक्षूनं फडकं सोडलं आणि तो बघतच राहिला.

"आजीबाई, ही तर होडी आहे. पोराचा पाय कुठंय?"

"पाय रोज ढिगानं येत असतील त्याच्याकडे. होडी बघितली की आमचं घर बरोबर आठवेल त्याला."