दुसरी वडी

नाय हो भाऊ, गाठीचा तुकडा मेणात बसवलेली दुसरी वडी नाय आमच्याकडं — दवाखान्यानं एकच दिली व्हती, ती तुमच्या लॅबला पोचवली. बसा, पुण्यावरनं मंचरपर्यंत आलाय, च्या टाकलाय आत. बायकोच्या गाठीचा रिपोर्ट तर आला की, रिसेप्टर दिसला नाय म्हणून. मी बियाण्याचा दुकानदार, पण वाचून वाचून शिकलो — गाठ काय करती, अंगातल्या रक्ताच्या मेन लाइनवरनं स्वतःची ठिबकची नळी ओढून घेती, आन् त्या नव्या नसांच्या पेशींवर हा रिसेप्टर, वाढीचा हुकूम घेणारा. तुमी वडीचा पातळ काप काढून रंग लावता, तपकिरी उठलं तर हाय. हाय तर डॉक्टर गोळी देणार, नाय तर नाय. बरोबर ना? — काय म्हंता, त्या वडीत गाठ नव्हतीच? नुसती चरबी? आन् दवाखान्याच्या वहीत दोन वड्या लिहिल्यात?

एक सांगतो तुमाला. अवसरीचे गेणभाऊ, टोमॅटोचं बी उगवलं नाय म्हणून माझ्यावर तक्रार घेऊन गेले. नमुना तपासणीला गेला, नापास. पण त्याच लॉटची एक पुडी मी सील करून मागं ठेवली व्हती, ती शंभरात ब्याण्णव उगवली. दुकान वाचलं. तवापासून सगळा नमुना मी कुणाच्या हातात देत नाय — सवयच लागली हाताला. दवाखान्यात दोन वड्या दिल्या, मेणाच्या, बारक्या, दोनी सारख्याच दिसत व्हत्या — मला काय ठावं, गाठ कुठल्या वडीत —

बोलून गेलो बघा.

हाय. फ्रिजमधी हाय, मिरचीच्या बियांमागं. सव्वीस दिवस झाले. बायकोला, वैजयंतीला, ठाऊक नाय — रिपोर्ट ऐकून ती म्हणली, बरं झालं, एक गोळी वाचली. हसली वर. सव्वीस दिवसांत किती नळ्या ओढल्या असतील हो तिच्या अंगातल्या गाठीनं? मेण तर खराब झालं नसंल? मान नका हलवू, तोंडानं सांगा.

ही घ्या. वडी धड हाय. पावती नको, सही नको — ह्या वेळी मागं काय ठेवलं नाय. बॅगेत टाका, आतल्या कप्प्यात. कपबशा वाजल्या, ती येतीय, तिच्यापुढं तुमी गिऱ्हाईक —

मिरचीचं बी शिल्लक नाय म्हणलं ना भाऊ. या आता.