नाव तेच, तोंड दुसरं

वसमतच्या स्टँडावर प्रेमदास नांदेडच्या बसची वाट पाहत उभा होता. टॉकीजचा मॅनेजर तो. हिंदीत डब केलेला विलायती हेरपट तीन दिवसांत चालला नव्हता, म्हणून रिळांची पेटी परत पोचवायला निघालेला. शेजारच्या बाकावर तांड्यावरची नीलाबाई आणि बांगड्या विकणारी फातिमाबी बोलत होत्या.

“फातिमाबी, कालच्या पिच्चरमधला गुप्तहेर मागच्या पिच्चरमधलाच व्हय?”

“तोच. निस्तं तोंड बदललं.”

“तोंड बदललं?”

“नट बदलला, नीलाबाई. नाव तेच, पिस्तूल तेच.”

“मंग हाफिसातल्या साहेबिणीनं त्याला वळखलं कसं?”

“ते तिलाच ठाऊक.”

“आन् गुप्तहेर कसला? भेटंल त्याला आधी सोताचं नाव सांगून राहिला!”

“दुश्मन बी तसलाच. मारायच्या आधी घंटाभर समदा बेत सांगत बसला.”

“डोंगरावरून उडी मारली, पर कोटाची घडी मोडली न्हाई.”

प्रेमदासचा चेहरा पडला. पेटी परत चालली तेच बरं, असं त्याला वाटलं.

“मंग उद्या पुन्हा येतीस ना, नीलाबाई?”

“येते की! तांड्यावरच्या अकरा जणी तयार हायेत. हसून हसून माझं पोट अजून दुखून राहिलं, म्हणलं त्यांचं बी दुखू द्या.”

नांदेडची बस लागली आणि सुटलीही. प्रेमदास जागचा हलला नाही. मग पेटी उचलून तो दोघींपुढे आला.

“मावशी, मी टॉकीजचा मॅनेजर. उद्या नक्की या. हाच पिच्चर हाय.”

“येतो, भाऊ,” नीलाबाई म्हणाली. “पर उद्यापस्तोर हिरो बदलू नका.”