टेबलाखालचा हात

आई : केव्हापासून बसलीयस तू इथे? टेबलाखाली?

भिंगरी : हात वर केलाय मी.

आई : ते दिसतंय. पण आलीस कधी? दाराला बाहेरून लाल टॉवेल अडकवलाय ना मी?

भिंगरी : दाराला फट होती, टॉवेलाखालून आले. रांगत. आवाज नाही केला. इथे तुझे पाय होते, मग त्यांच्याशेजारी बसले. तुझे पाय बोलत नाहीत, नुसते हलतात.

आई : थांब हं जरा... हो मॅडम, आहे मी, ऐकतेय. उत्तरेकडची मोठी पाइपलाइन, हो, तिचीच झडप संध्याकाळी बंद करायची. नकाशा तयार आहे, माझी पाळी आली की दाखवते... हां, भिंगरे, आता बोल. माझा आवाज मी बंद केलाय, पण कॅमेरा चालू आहे. खाली मान घातली की त्या बाईला वाटतं, मी मोबाइल बघतेय. तेव्हा मी समोर बघते आणि तुझं ऐकते.

भिंगरी : बोलू? आली माझी पाळी?

आई : आली. बोल.

भिंगरी : विसरले.

आई : अशी कशी विसरलीस?

भिंगरी : खूप वेळ तोंडात धरून ठेवलं होतं. मग झोप आली. मग हातपण झोपला. पण मी त्याला खाली नाही पडू दिलं. दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

आई : कशाला गं?

भिंगरी : तूच म्हणालीस ना. मीटिंग असली की मध्ये बोलायचं नाही. हात वर करायचा आणि तू 'बोल' म्हणेपर्यंत थांबायचं. तुमच्यात तसंच असतं म्हणालीस.

आई : म्हणाले होते खरी. शहाणी आहेस. झोप आली होती तर गादीवर जायचंस.

भिंगरी : तिथे पाणी नव्हतं.

आई : आणि इथे कुठलं पाणी?

भिंगरी : तुझ्या कॉम्प्युटरवर त्या निळ्या रेषा आहेत ना, त्या सगळ्या खाली आल्या. टेबलाच्या पायावरून उतरल्या आणि फरशीखाली गेल्या. मग माझ्या पाठीखालून पाणी जायला लागलं. गार. त्याच्यात घरं होती, तुझ्या मीटिंगसारखी चौकोनी. एकेका घरात एकेक डोकं. सगळी तोंडं उघडायची आणि आवाजच नाही यायचा.

आई : हे मात्र अगदी बरोबर बघितलंस.

भिंगरी : तूपण होतीस एका चौकोनात. तुझे केस पाण्यात वर वर जात होते. मी हात वर केला तर तू म्हणालीस, एक मिनिट. ते बुडबुड्यातून आलं. मी बुडबुडा फोडला, तर आत आणखी एक 'एक मिनिट' होतं. त्याच्या आत आणखी एक.

आई : मग?

भिंगरी : मग फोडतच बसले. तू लांब चाललीस. झोपलेलं पाणी कसं जातं, तशी.

आई : झोपलेलं पाणी जातं होय कुठे?

भिंगरी : जातं. हळूहळू. डोळे मिटून.

आई : भिंगरे, दात का वाजताहेत तुझे?

भिंगरी : आठवलं. तेच सांगायचं होतं मला. थंडी वाजतेय.

आई : इकडे ये. ये बाहेर, राहू दे कॅमेरा. बघू कपाळ... अरे देवा. निखारा झालाय नुसता. ऐकलंस का! अरे, इकडे ये आधी. सोड ते काय चाललंय ते.

(बाबा दारात येतात. कानात हेडफोन, हातात उशीचा लाल अभ्रा.)

बाबा : काय झालं? हळू, माझे लोक ऐकताहेत तिकडे.

आई : ऐकू देत. पोरगी तापाने फणफणलीय, आणि मीटिंगमध्ये हात वर करतात तसा हात वर करून माझ्या टेबलाखाली बसलीय. तुझ्याकडे होती ना ती?

बाबा : माझ्याकडे? तुझ्याकडे होती. म्हणजे, मला वाटलं गादीवर झोपलीय.

आई : आणि हातात काय आहे ते?

बाबा : हा... काही नाही. अभ्रा आहे.

आई : लाल अभ्रा.

भिंगरी : बाबाच्या दारावर होता तो. मी आधी बाबाकडेच गेले. तिथे पण लाल होतं. मग मी मधल्या खोलीत उभी राहिले. इकडे लाल, तिकडे लाल. मग तुझे पाय दिसले.

आई : ऐकलंस? घरात लाल टॉवेल एकच का ठेवला आपण? सांग की. दुकानात जोडी मिळत होती. तू म्हणालास, नको, एकच घेऊ. टॉवेल ज्याच्या दारावर, त्याची मीटिंग, दुसरा पोरीकडे. भांडण नको की तंटा नको. तुझीच अक्कल होती ती, आणि चांगली होती, मी नाही म्हणत नाही. मग हा दुसरा लाल आला कुठून?

बाबा : साहेबांनी अचानक गळ्यात घातलं गं. नवीन पोरं आलीत, त्यांना आजच शिकवा म्हणाले. मी टॉवेल बघायला आलो, तर तुझ्या दारावर. तुला विचारणार कसं? तुझी मीटिंग चालू. म्हटलं, थोड्याच वेळाचं काम आहे, ती झोपलीय, उरकून टाकू.

आई : काय शिकवत होतास?

बाबा : ते जाऊ दे.

आई : नाही, सांग ना. काय शिकवत होतास त्या पोरांना?

बाबा : ग्राहकाचं बोलणं ऐकून कसं घ्यावं.

आई : वा. काय बोलायचं यापुढे?

बाबा : टोमणे नंतर मार. मी तापाचं औषध आणतो. थर्मामीटर कुठे आहे?

आई : वरच्या फळीवर, कात्रीच्या डब्यात. आणि ते हेडफोन काढ आधी. बस म्हणावं तिकडे, ऐकायचं ते ऐकून झालं.

भिंगरी : आई, तुझ्या कॉम्प्युटरमधली बाई तोंड उघडतेय. तुझं नाव घेत असेल.

आई : घेऊ दे. ये मांडीवर. पाय पोटाशी घे, अशी.

बाबा : अगं, तुझी पाळी आलीय बहुतेक. तू जा, मी धरतो तिला. उत्तरेचं काम तुला हवं होतं ना? गेल्या दोन्ही वेळेला हिच्यासाठीच उठलीस तू. या खेपेला मधे गेलात तर काम दुसऱ्याकडे देईन, म्हणालीय ना ती बाई?

आई : म्हणालीय. आणि ती बोलल्याप्रमाणे करते, तेवढं चांगलं आहे तिच्यात.

बाबा : मग दे इकडे. चूक माझी आहे, मी निस्तरतो.

भिंगरी : मला नाही जायचं. इथे ऊब आहे.

आई : औषध आण तू... हॅलो. हो मॅडम, ऐकू येतंय ना? दिसतेय ना मी? ही माझी मुलगी. ताप आहे तिला. नाही, नकाशा आत्ता दाखवत नाही. सगळ्यांना पाठवलेला आहे, निळ्यावर लाल खुणा केल्यात, ज्याला वाचता येतं त्याला कळेल. हो, ठाऊक आहे तुम्ही काय म्हणाला होतात... नाही मॅडम, घरी सांभाळायला माणूस आहे. माणूस असूनच झालंय हे. दोघं होतो घरात आणि दोघांनी दारं लोटून घेतली होती... बरं. चालेल. तुमचा निर्णय आहे तो. एकच सांगते, ती झडप जुनी आहे. फिरवणाऱ्याला सांगा, हळू फिरव. सगळे घरी जायची घाई करतात. ती एकदम बंद केली, तर मागचं पाणी उसळतं आणि पाइप फोडतं. मग उद्या अर्ध्या गावाला पाणी नाही. एवढं लिहून घ्या. ठेवते.

बाबा : एकदम बंद केलास कॉम्प्युटर.

भिंगरी : झडप हळू बंद करायची असते ना?

आई : ही झडप वेगळी.

बाबा : काय म्हणाली?

आई : म्हणाली, इतरांनाही मुलंबाळं आहेत.

बाबा : ही काय बोलायची रीत झाली?

आई : खरंच आहे तिचं. ते ऐकताना मी बघत होते ते सगळे चौकोन. टाय लावलेले, केस विंचरलेले. आणि गंमत सांगू? एकाने मान खाली घातली. तो धाकटा इंजिनिअर, ज्याला आता माझं काम मिळालंय, तोच. मोबाइल बघत नव्हता. टेबलाखाली बघत होता. तिथून कुणीतरी काहीतरी म्हणालं असणार त्याला. ओठ हलले त्याचे.

बाबा : काय म्हणाला?

आई : आवाज बंद होता. पण मला कळलं.

बाबा : 'एक मिनिट' म्हणाला.

आई : हं.

बाबा : हे घे औषध. भिंगरे, तोंड उघड. गोड आहे.

भिंगरी : खोटं बोलतोस.

बाबा : आधी गोड, मग कडू. शेवटी परत गोड.

भिंगरी : शेवटी पण कडूच होतं.

बाबा : वाईट वाटतंय का गं तुला? कामाचं?

आई : वाटतंय. 'नाही' म्हणाले तर तुला बरं वाटेल, पण वाटतंय. त्या पाइपच्या मागे वर्ष घालवलं मी. गटारात उतरले, मिस्त्र्यांशी भांडले. कुठे सांधा गळतो, कुठे नुसती ओल येते, डोळे मिटून सांगेन. आणि उद्या तो पोरगा त्यावर सही करणार. पण खरी चीड त्याची नाही.

बाबा : माझी आहे.

आई : तुझी आहे. माझीही आहे. आपण या पोरीला सगळ्यात आधी काय शिकवलं बघ. दुखलं तर ओरड, हे नाही शिकवलं. पाळी बघ, म्हणून शिकवलं. लोक कौतुक करायचे, किती शांत मुलगी, मीटिंगमध्ये कधी आवाज नाही. मी पण मिरवायचे. आज ही तिथे बेशुद्ध पडली असती ना, तर हात वर करूनच पडली असती. शिस्तीत.

बाबा : नको असं बोलू.

आई : मग कसं बोलू? तूच शिकवतोस ना लोकांना.

बाबा : हा अभ्रा उशीला घालून टाकतो.

आई : घाल. आणि तो टॉवेलही आण दारावरचा. थंड पाण्यात भिजवून आण. हिच्या कपाळावर ठेवू. एवढा तरी उपयोग होऊ दे त्याचा.

भिंगरी : आई.

आई : काय गं?

भिंगरी : तो टॉवेल माझ्या डोक्यावर ठेवला, तर माझी मीटिंग चालू होईल?

आई : होईल. तुझीच आता. आम्ही दोघं बाहेर.

भिंगरी : बाहेर नका जाऊ. चौकोनात बसा. तू इकडे, बाबा तिकडे.

बाबा : हा आणला टॉवेल, आणि बसलो. आता?

भिंगरी : आता पाणी येतंय परत. पण आता गार नाहीये. तुझ्या पोटात वाजतंय ते, आई. खूप लांबून येतंय.

आई : कुठून येतंय?

भिंगरी : डोंगरातून. डोळे मिटून... सगळ्या घरांत जातंय. दारावर टॉवेल असला तरी जातंय. खालून.

बाबा : झोपतेय बघ. औषध लागू पडतंय. घाम येतोय मानेला.

आई : हळू बोल. टॉवेल पिळला आहेस ना नीट? दे इकडे.

बाबा : अगं, हात बघ तिचा. झोपेत सुद्धा वर केलाय परत.

आई : भिंगरे. राणी, हात खाली घे आता. दुखेल.

भिंगरी : तू आधी 'बोल' म्हण.

आई : बोल.

भिंगरी : काही नाही. असाच केला होता.