लाल मिलो, पांढरी ज्वारी

माझं माहेर घनसावंगीकडचं, गोदावरीच्या काठाला, आणि सासर हे, शहागडच्या अलीकडं सडकेवर लागतं ते गाव. सडकेच्या वरच्या अंगाला गाव, खालच्या अंगाला आमची वस्ती, मधात मुसलमानांची थोडी घरं. दीक्षा झाली तव्हा मी परकर-पोलक्यातली होते, आई म्हणली गया, आता आपून बौद्ध झालो, आता कोणापुढं वाकायचं न्हाई. मी ते खरं धरून बसले, बाकीच्यांनी किती धरलं ते मला माहीत न्हाई. माझा मालक जालन्याला जिनिंगमधी इंजनावर होता, लग्नानंतर मी बी तिथंच कापूस निवडायला जायची. जिनिंग बंद पडलं तसं तो म्हणला, एक जुनं ऑइल इंजन विकायला निघालंय, त्याला चक्की जोडू आणि गावात गिरणी टाकू.

गावात गिरणी न्हवतीच. बाया डोक्यावर दळण घेऊन शहागडला जायच्या, न्हाईतर पहाटे उठून जात्यावर बसायच्या. आता साहेब लोक सांगत फिरतात ना, जिथं गरज आहे तिथं धंदा टाका, जागा सडकेला पाहा, काम स्वतः शिका. मंग आम्ही काय वेगळं केलं? जागा सडकेला होती. मालकानं मला पट्टा चढवायला शिकवलं, दगडाला टाकी लावायला शिकवलं, म्हणजे दगड गुळगुळीत झाला की छिन्नीनं टोचे मारून खरबरीत करायचा, त्याशिवाय पीठ बारीक येत न्हाई. तो गावोगाव विहिरीवरचे इंजन दुरुस्त करायला जायचा आणि गिरणी मी चालवायची. सगळं बराबर होतं. गिऱ्हाईक आलं न्हाई, एवढंच.

का आलं न्हाई ते सांगते. एकीचं दळण संपून दुसरीचं टाकलं की पहिलीचं मूठभर पीठ चक्कीच्या पोटात राह्यलेलं असतं, ते दुसरीच्या डब्यात उतरतं. कोणत्याबी गिरणीत जा, त्याला इलाज न्हाई. त्यावरून बाया भांडतात, हरभऱ्यावर माझा गहू टाकू नको, पोळी पिवळी होते. ते भांडण मला मान्य आहे, ते धान्याचं भांडण आहे. पण पहिल्या दिवशी वरच्या अंगाच्या बाया डबे घेऊन आल्या, दारातूनच पाह्यलं की आमच्या वस्तीतल्या बाया आधी बसल्यात, आणि डोक्यावरचा डबा न उतरवता परत फिरल्या. ज्वारी दोघींची एकच, पांढरी, एकाच शिवारातली, आणि ती बी आमच्याच बायांनी खुडलेली.

पाटलीणबाई चार दिवसांनी सडकेवर भेटली. म्हणली, गये, गिरणी चांगली टाकली गं, पण तुमचं पीठ आमच्या डब्यात यायचं, देवाला नैवेद्य कसा दाखवावा? मी म्हणलं, पाटलीणबाई, शेतातून तुमच्या पेवात टाकेपर्यंत ज्वारीला आमचाच हात होता, तो नैवेद्याला चालला की. तर म्हणते, दाण्याला काही होत न्हाई, पिठाला होतं. काय सांगू तुम्हाला, दाणा आणि पीठ यांच्या मधात माझी गिरणी होती, म्हणजे बरोबर तिथं त्यांचा देव आडवा आल्ता.

मंग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरी तळाला गेल्या, शेतं उघडी पडली, सरकारनं सडकेची कामं काढली आणि आम्ही बी खडी फोडायला अन् गाव बी खडी फोडायला. पाटलाचं जमिनीतलं धान्याचं पेव उघडलं तर तळाला माती निघाली. रेशनवर मिलो यायची, परदेशातली लाल ज्वारी, जनावरं बी तिच्याकडं पाहून मान फिरवायची, पण सगळ्यांच्या पिशवीत तीच. दिवसभर हातोडा मारलेली बाई जात्यावर कशी बसणार, आणि शहागडला चालत कशी जाणार? सगळं गाव माझ्या दारात आलं. लाल दाणा, लाल पीठ, लाल भाकर. कोणाची मूठ कोणाच्या डब्यात उतरली हे कोणी विचारलं न्हाई. रांगेत आमच्या वस्तीतली राधा, तिच्यामागं मधल्या मुसलमानांच्या घरातली खैरूनबी, तिच्यामागं पाटलीणबाई, भिंतीला टेकून बसल्या राह्यच्या, उवा काढायच्या, हसायच्या. एक सासू म्हणायची, ही मिलो खाऊन मला शिंगं फुटतील बाई, आणि तिची सून म्हणायची, आत्याबाई, नवीन कुठून फुटतील, जागाच कुठं राह्यली? पाटलीणबाई सुद्धा हसायची. आणि मला काय म्हणायची माहीत आहे का? गयाबाई, जरा बारीक काढा. गये न्हाई, गयाबाई.

माझा मालक ती रांग पाहून खुळा झाला. म्हणला, गाव सुधारलं, आता एक चक्की पुरत न्हाई. जालन्याला जाऊन दुसरी चक्की घेऊन आला, दुष्काळातच, लोक पोट आवळून बसलेले असताना. अशी चूक आमच्यासारख्यांनीच करावी. दुसरा कोणी धंदेवाला असता तर म्हणला असता, भूक लागली म्हणून आलेत. आम्हाला वाटलं आम्हाला माणूस समजले म्हणून आलेत. मला बी वाटलं, त्याला एकट्याला का बोलू.

पाऊस पडला, पुढच्या साली पांढरी ज्वारी घरात आली, आणि पहिल्या ज्वारीसोबतच पाटलाचा निरोप आला. निरोप असा की गयाकडं आता दोन चक्क्या आहेतच, एक गावाची ठेवावी, एक वस्तीची, गावाचा दरवाजा पुढून, वस्तीचा मागून, मंग कोणाचं काही म्हणणं न्हाई, सगळं दळण इथंच येईल. आमची उमेद म्हणून आणलेली चक्की, तिचंच त्यांनी हे केलं. माझ्या अंगाची आग झाली. मी म्हणलं न्हाई. मालक म्हणला, ऐकून तर घे. पंचायत समितीचा एक साहेब सडकेनं जाता-येता चहा प्यायला थांबायचा, तो बी म्हणला, बाई, धंद्यात भावना आणायची न्हाई, गिऱ्हाईक म्हणजे देव. मी म्हणलं, साहेब, तुमच्या देवाला मागच्या दारानं बोलवा, येतो का पाहा. साहेबानं कपात तोंड घातलं.

त्या दिवशी आमचं नवरा-बायकोचं जे भांडण झालं ते सगळ्या वस्तीनं ऐकलं. तो म्हणला, तू लेकरांच्या तोंडातली भाकर काढून राह्यलीस, मी काय परत जालन्याला जाऊन कापसाच्या गठाणी उचलू? मी म्हणलं, उचल, मी बी येते उचलायला, पण दोन रांगा लावून मी दळणार न्हाई, आणि लावायच्याच असतील तर तू बस चक्कीवर आणि आपल्या आईला सांग मागच्या दारानं ये म्हणून. त्याची आई तिथंच उंबऱ्यात बसल्ती. मी दुसऱ्या चक्कीचा पट्टा उतरवून खुंटीला टांगला.

मंग गाव परत शहागडला जाऊ लागलं, ऊन असो का चिखल असो. इंजन चालू केलं तर डिझेलचा खर्चा निघंना, बंद ठेवलं तर वस्तीच्या बाया कुठं जातील? आम्ही तग धरला तो सडकेवरच्या हाटेलांनी. तिथं ट्रकवाले जेवायला थांबतात, ड्रायव्हरला भाकर गरम लागते, पिठाची जात त्याला लागत न्हाई. मालकच हाटेलांतून धान्याची पोती सायकलीवर आणायचा आणि पीठ पोचतं करायचा, माझ्याशी बोलायचा न्हाई पण पोती आणायचा. आणि मजा पाहा, पाटलाचा पोरगा रोज संध्याकाळी त्याच हाटेलात बसून मटन-भाकरी हाणायचा. पीठ माझं. मी कव्हा बोलून दाखवलं न्हाई, आज तुम्हाला सांगून राह्यले.

त्याच टायमाला खैरूनबी जास्तीचे डबे आणू लागली. माझी शेजारीण, जीव लावणारी बाई, पण खोटं बोलता येत न्हाई तिला. मी म्हणलं, एवढं दळण तुझ्या घरी खातं कोण? म्हणली, पाव्हणे आले. डबा पितळी, आणि त्यावर मोठ्या अक्षरात पाटलाचं नाव कोरलेलं. मी म्हणलं, पाव्हणे चांगले आहेत गं तुझे, आपल्या नावाचा डबा घेऊन येतात. तिनं कपाळावर हात मारला. अगे माय, मेरेकू पढना आता क्या? वो बोली, तू पिसाके ला, नाम मत ले. म्हणजे पीठ चालत होतं! नैवेद्य बी होत होता! फक्त माझ्या दारात बसलेलं कोणी पाह्यला नको होतं. मी तो डबा तसाच भरलेला परत दिला. म्हणलं, ज्याचा डबा आहे त्यानं येऊन बसावं, नंबर आला की दळून देईन, बारीक देईन. खैरूनबी म्हणली, तेरा धंदा डुबेगा, गया. म्हणलं, डुबू दे.

डुबला न्हाई. तरला बी न्हाई तसा, चालू आहे. पाटलाच्या पुतण्यानं लाईटवरची गिरणी टाकली वरच्या अंगाला, अर्धं गाव तिथं जातं. लाईटीचा भरवसा न्हाई, म्हणून अर्ध्या बाया माझ्याकडं येतात, कोणी नाक मुरडत, कोणी हसत, पण रांगेत बसतात. पाटलीणबाई येत न्हाई. दुसऱ्या चक्कीचा पट्टा मी आपल्या हातानं परत चढवला, जी मोकळी असेल तिच्यावर जिचा नंबर असेल तिचं दळण. मालक आता बोलतो. तू बराबर होतीस असं तो कव्हा म्हणला न्हाई, मी बी विचारलं न्हाई.

आणि गेल्या महिन्यात तालुक्याला शिबिर झालं, छोटा धंदा यशस्वी कसा करावा म्हणून, तर त्या चहा पिणाऱ्या पंचायत समितीच्या साहेबानं मलाच बोलावलं. स्टेजवर चढायच्या आधी कानात म्हणला, गयाबाई, मेहनत, चिकाटी, गोड बोलणं यावर सांगा, ते गाव-वस्तीचं काढू नका, वातावरण बिघडतं. मी माइक धरला आणि म्हणलं, रांग एकच ठेवा, मंग धंदा बुडाला तरी चालंल. साहेबानं माइक घेतला आणि म्हणला, बाईंनी शिस्तीचं महत्त्व फार छान सांगितलं, टाळ्या. लोकांनी वाजवल्या बी! माझ्या हातात नारळ दिला. तो नारळ मी कुठं फोडायला पाह्यजे होता ते मला माहीत होतं.

खाली उतरले तर आमच्याच वस्तीची शांता, नवरा वारलेली, तालुक्यापर्यंत एकटी आल्ती ऐकायला. म्हणली, मावशी, मला उडदाचे पापड करून विकायचे आहेत, पण आपल्या हातचा पापड घेतंय कोण? तुझ्या गिरणीत निदान दाणा त्यांचा असतो. मी तिला खोटं कशाला सांगू? म्हणलं, गावातलं कोणी घेणार न्हाई. हाटेलांत दे, जालन्याच्या बाजारात नेऊन बस, आणि कोणी विचारलं कुठली गं तू, तर वस्तीचं नाव सांग, खालचा आवाज काढू नको. ती म्हणली, आणि न्हाईच घेतले तर? म्हणलं, तर आपून खाऊ. ती हसली आणि मंग रडली. म्हणली, करू का नको ते नीट सांग. मी म्हणलं, कर बाई, रडत करू नको, रागानं कर, हात चांगला चालतो रागानं.

परवा आली उडदाची डाळ घेऊन. तिच्यापुढं वरच्या अंगाची एक बाई होती, तिनं जरा अंग चोरलं. शांता तिला खेटूनच बसली. मी पुढचा डबा चक्कीत ओतला. इंजन चालू होतं.