सातव्या चिठ्ठीवरचा शब्द

साहेब : दार लोटून घ्या, बाई. बसा ना.

फिटरबाई : उभीच बरी. बारा वर्षं मशीनपाशी उभीच आहे.

साहेब : बरं. उद्या अपघाताची चौकशी. ते एवढंच विचारणार, प्रेस मशीनची संरक्षक जाळी सैल झाल्याचं साहेबांना माहीत होतं का? तुम्ही म्हणायचं, त्यांना कल्पना नव्हती. संपलं.

फिटरबाई : आणि माझा भाऊ?

साहेब : उतावळा गडी. घाई केली, हात आत घातला.

फिटरबाई : तीन बोटं गेली त्याची, वर ठपकाही त्याच्यावरच? मग कुठला कारखाना दारात उभं करेल त्याला?

साहेब : मी गेटवर बसवतो ना. शब्द देतो.

फिटरबाई : शब्द पुष्कळ दिलेत तुम्ही. जपून ठेवलेत मी.

(ती खिशातून कागदांची चळत काढून टेबलावर ठेवते.)

साहेब : हे काय आता?

फिटरबाई : माझ्या तक्रारी. ‘जाळी बदला.’ सात वेळा. इंग्रजीत नसेल तर कागद घेणार नाही, हा तुमचाच नियम. भावाची लेक लिहून द्यायची मला. खाली तुम्ही एकेक शब्द खरडून परत पाठवायचात. पहिलीवर ‘नोटेड’.

साहेब : ते आपलं सवयीनं...

फिटरबाई : दुसरीवर ‘आय सी’. मग ‘अंडरस्टुड’. मग ‘गॉट इट’. वर सगळ्यांसमोर म्हणालात, दर वेळी नवा शब्द देतो, बाई, तेवढंच इंग्रजी सुधारेल! अख्खं वर्कशॉप खिदळलं. भाऊसुद्धा.

साहेब : अहो, गंमत केली!

फिटरबाई : मी नाही केली. डिक्शनरी आणली. नोंद घेतली. दिसलं. समजलं. कळलं. पाचवीवर ‘अवेअर’, जाणीव आहे. सहावीवर ‘आय रिअलाइज’, ध्यानात आलं. आणि सातवीवर ‘फुल्ली कॉग्निझंट’. अपघाताच्या आदल्या दिवशी. तो शब्द मी हॉस्पिटलच्या बाकावर बसून शोधला, साहेब. आत त्याचं ऑपरेशन चालू होतं. पूर्णपणे माहीत आहे, असा अर्थ निघाला.

साहेब : बाई, हात जोडतो. माझी नोकरी जाईल, कदाचित आतही टाकतील. ते कागद द्या मला.

फिटरबाई : घ्या की. झेरॉक्स आहेत. तुमच्या सहीचे कागद कालच चौकशीवाल्यांकडे पोचले.

साहेब : मग मला कशाला दाखवलेत?

फिटरबाई : तुमचं तोंड बघायचं होतं. महिनाभर वाट पाहिली मी याची.

साहेब : इतका राग धरलात?

फिटरबाई : हो, धरला. अजून सोडलेला नाही.

साहेब : ...उद्या तुम्ही वाचणार हे सगळं?

फिटरबाई : छे, भाऊ वाचणार. लेकीनं रोज घोटून घेतलंय त्याच्याकडून. डाव्या हाताच्या उरलेल्या दोन बोटांत कागद धरायलाही जमतंय आता. कुठे उच्चार चुकला त्याचा, तर तिथल्या तिथे सांगा हं, साहेब.