सल्ला द्यायचा नाही, जोलीन!

हॅलो?… कोण, जोलीन? अगं, तू आत्ता पेपरला बसलेली असायला हवीस!… हं, अजून चाळीस मिनिटं आहेत होय. मग रडतेस कशाला?… गाडीत? परीक्षा केंद्राच्या दारात गाडी लावून रडतेस? धन्य आहे बाई तुझी!

नाही… नाही म्हणते ना, घरी परत जायचं नावसुद्धा काढायचं नाही. अडीच तास गाडी हाकत डलूथला आलीस ती काय सरोवर बघायला?… हो, हो… अगं ऐक ना… आधी ऐक तर! या मार्लिसनं बत्तीस वर्षं वकिलांच्या हाताखाली काढली, तरी पॅरालीगलच्या, वकिलाच्या मदतनिसाच्या, प्रमाणपत्राची ही परीक्षा मला दुसऱ्या खेपेलाच सुटली. तू तर गेल्या खेपेला फक्त एका भागात आपटलीस. नीतिनियमांच्या. बाकी सगळं पहिल्या झटक्यात!

कळतंय गं मला… एकोणीस वर्षं टॉलफसनसाहेबांचं ऑफिस तूच चालवतेस. त्यांना स्वतःचा चष्मा सापडत नाही, कोर्टाच्या तारखा तू सांभाळतेस, कागद तू तयार करतेस… तेच तर म्हणतेय! अनुभव आहे म्हणूनच घोटाळा होतो. पेपरात काय विचारतात? अशील बाई रडत रडत म्हणते, यावर सही करू का? तू कशावर खूण करतेस?… बघ! ‘करू नका म्हणून सांगावं.’ माया आहे त्यात, मार्क नाहीत. सल्ला वकिलानं द्यायचा. आपण नाही.

दहा आठवडे, जोलीन! रोज जेवणाच्या सुट्टीत फोनवर वीस-वीस प्रश्न विचारले. दर रविवारी घड्याळ लावून अख्खा पेपर सोडवून घेतला. ऑफिसात काय चालतं ते विसर, पुस्तकात काय लिहिलंय ते लिही, हे सांगून सांगून माझ्या घशाला कोरड पडली. आणि परवा काय केलंस? मी सहज म्हटलं, शेजारच्या हॅल्वरचं झाड माझ्या कुंपणावर पडलं. झालं! अर्धा तास भरपाई कशी मागायची ते सांगत बसलीस. वर नोटिशीचा मसुदा करून दिलास!… मैत्रीण म्हणून? पेपर तपासणाऱ्याला मैत्री कळत नाही, राणी.

काय?… नापास झाले तर झाले? वा! साहेब डिसेंबरात ऑफिसला कुलूप लावणार. सरकारी वकिलांकडची ती जागा प्रमाणपत्र असेल तरच मिळणार. मग काय, पेट्रोल पंपावर कॉफी विकणार आहेस?… तेच ते. नाक पूस.

हा कसला आवाज?… काचेवर कोण ठोकतंय?… केंद्राचा रखवालदार? मग गाडी भलत्या जागी लावली असशील, हलव जरा… नाही? मग काय हवंय त्याला?… अरे देवा. मांडीवरचं कायद्याचं पुस्तक दिसलं वाटतं. कुणाला, त्याच्या मुलीला? घर खाली करायची नोटीस? दोन पोरं पदरात?… हं. बोल त्याच्याशी. अगं, फोन बंद नको करूस, सीटवर ठेव. मी आहे.

…

हं…

…

अगंबाई!

जोलीन! ए जोलीन, उचल फोन!… गेला तो? आता परत म्हण, काय सांगितलंस त्याला?… ‘मी वकील नाही, मला सल्ला देता येणार नाही. मुलीला नोटीस घेऊन आजच मोफत मदत करणाऱ्या वकिलांकडे पाठवा, हा घ्या त्यांचा नंबर.’ बये, हाच तर तो प्रश्न! तीन सराव पेपरांत चुकलीस, आणि खरा माणूस काचेपाशी उभा राहिल्यावर बरोब्बर सोडवलास!

हो ना, जीव तुटला असेल… अगदी ओठांवर आलं होतं?… पण गिळलंस ना? मग झालं तर! आणि त्याचं कामही झालं, वाऱ्यावर नाही सोडलंस त्याला… हसतेस? हस, हस. मी? मी रडतेय. नाही गं, कांदा कुठला, बटाटे-खिम्याची हॉटडिश कधीचीच ओव्हनमध्ये गेली. आनंदानं रडतेय, कळलं? नवरा टीव्हीपुढून उठायच्या आत तुझ्यासाठी मोठा वाडगा काढून ठेवते, पास हो नाही तर नापास हो.

चल, उतर आता. ओळखपत्र घेतलंस?… फोन बंद करून तिथल्या कपाटात ठेवायचा… कोण? तोच रखवालदार दार धरून उभा आहे? बघ, मान मिळायला लागला! जा… पाणी पी घोटभर… आणि घाई करू नकोस, प्रश्न पुरता वाच…

थांब, थांब! जाता जाता एकच. ते माझं कुंपण गं… हॅल्वरला नोटीस पाठवू की नको?

काय?… काय म्हणालीस?

हॅलो?… जोलीन?…

आर्विड! अरे आर्विड, टीव्ही बंद कर आणि इकडे ये! ‘वकिलाला विचार, मार्लिस’ म्हणाली आणि फोन ठेवला मेलीनं! झाली बघ पास!