पांढऱ्या फितीला दोन गाठी

हॅलो?… हॅलो… हं, ताई, बोल… नाही गं, झोपते कशाला, दुपारचे दोन वाजलेत. साइटवर आहे… हो, त्याच कंटेनरच्या ऑफिसात. पत्रा एवढा तापलाय की पाठ टेकता येत नाही. पंखा आहे, पण तो गरम हवाच इकडची तिकडे करतो…

आवाज? आवाजाला काय झालंय?… सर्दी नाही. धुळीने असेल. तू फोन कशाला केलास ते सांग… पडदे? कसले पडदे?… अच्छा, आईच्या खोलीचे. हिरवे घे… मग निळे घे. अगं, तुला जे बरे वाटतील ते घे ना, त्यात मला काय विचारायचं!… नाही, ओरडत नाहीये मी…

नाही, रडत पण नाहीये…

बरं, रडतेय. थांब जरा, दार लोटून येते.

हं… ताई, सासूबाई गेल्या.

अगं, त्या नाही! त्या ठणठणीत आहेत, सकाळीच फोनवर माझी उलटतपासणी झाली… कासव गं. आमचं कासव. तुला फोटो पाठवला नव्हता का, पाठीवर नऊ नंबर रंगवलेला… हो, तीच. मी जवळ गेले की मान आत ओढून फुसफुस करायची, म्हणून सासूबाई. नऊ वर्षं तिच्या मागे फिरले मी. तेव्हा इथे सोलरचं नावसुद्धा नव्हतं, नुसता उजाड माळ… वय? साठीच्या आसपास असेल.

नाही, म्हातारपणाने नाही. डोझर गेला अंगावरून.

परवा. मंगळवारी सकाळी.

हो, मी होते साइटवर… हो… अगं, तेच तर माझं काम आहे. पॅनेलचे खांब ठोकायच्या आधी जमीन सपाट करतात, त्याच्याही आधी मी प्रत्येक बीळ बघायचं. लांब वायरच्या टोकाला कॅमेरा, तो आत सोडायचा. आत कासव दिसलं तर बिळाच्या तोंडाशी काठी रोवून लाल फीत बांधायची. लाल म्हणजे घरात माणसं आहेत, तीस पावलांच्या आत मशीन आणायचं नाही. पांढरी म्हणजे घर रिकामं, खुशाल सपाट करा…

उचलून दुसरीकडे नेता आलं असतं तर नेलं नसतं का! एवढ्या उन्हात हलवलं तर ती वाटेतच मरतात. थंडी पडेपर्यंत लाल फीत बांधून जपायचं. जगात थोडीच उरलीत गं ही, मरायला टेकलेली जात आहे. एकेक जपायचं, असंच लिहून घेतलंय कंपनीने माझ्याकडून…

डोझरवाल्याने बघितलं नाही?

बघितलं. त्यांनी नीट बघितलं.

ताई, ऐक ना… तू मध्ये बोलू नकोस, नाहीतर मला सांगता येणार नाही.

सोमवारी संध्याकाळी माझ्याकडची लाल फीत संपली. रीळच संपलं. तीन बिळं राहिली होती, तिन्हींत कासवं. ऑफिसपर्यंत चालत एक तास, ऊन उतरलेलं. पिशवीत पांढऱ्या फितीचं रीळ होतं… हो. तीच बांधली. पण दोन गाठी मारल्या. दोन गाठी म्हणजे आत आहे, ही माझी मलाच खूण. म्हटलं, उद्या सकाळी येऊन बदलू. त्या कोपऱ्यातलं काम शुक्रवारी होतं, चार दिवस हातात होते…

नाही. कोणालाही सांगितलं नाही. काय सांगायचं, लगेच तर बदलणार होते.

सकाळी नवीन रीळ घेऊन गेले. जवळच्या दोन बदलल्या. तिसरीकडे जाता जाता मशीनचा आवाज आला. पलीकडच्या बाजूला खडक लागला म्हणून साहेबांनी रात्रीतून काम या कोपऱ्यात फिरवलं होतं. मला कोण कळवणार… मी पळाले. या वयात, ढोपरं दुखत असताना, खडीतून पळाले…

हो. उशीर झाला.

दोन तास जिवंत होती. कवच मधोमध फुटलेलं… ताई, कासव ओरडत नाही. तोंड उघडतं आणि मिटतं, बस. मी बोटाने पाणी लावत होते. प्राण्यांच्या डॉक्टरला फोन केला होता, ते पोचेपर्यंत संपलं सगळं. आणि डोझरवाले दादा अंगातला शर्ट काढून तिच्यावर सावली धरून उभे होते. दोन तास. हात खाली घेतला नाही त्या माणसाने. सरडा आडवा आला तरी मशीन थांबवून उतरतात, हुसकतात, मग पुढे जातात. पोरं हसतात त्यांना…

मला फार वाईट वाटतंय, ताई. फार.

हो… पाणी प्यायले… हो, जेवले… नाही जेवले. खोटं कशाला सांगू…

मग? मग काय, चौकशी. चार वाजता मोठे साहेब येतायत. माझा जबाब टाइप होऊन आलाय, समोरच पडलाय. नुसती सही करायची… वाचते, थांब. ‘तपासणीनंतर सदर बिळास लाल फीत बांधण्यात आली होती.’

कारण मीच तसं लिहिलं होतं! सोमवारी संध्याकाळी फॉर्म भरला, त्यात तिन्हींसमोर लाल लिहिलं. म्हटलं, सकाळी होणारच आहेत लाल. आणि खरी फीत गेली मातीखाली, काठीसकट. शोधली, सापडली नाही. आता कागद म्हणतो लाल, दादा म्हणतात पांढरी. कागदापुढे डोझरवाल्याचं कोण ऐकतंय!

हो… हो, काढतील त्यांना. कामावरून तर काढतीलच, लायसन्सपण जाणार म्हणे. तीस वर्षं चालवतायत…

हं…

हं, बोल…

झाकली मूठ… हो, माहीत आहे मला. तू तीस वर्षं सरकारी टेबलावर बसलीस, तुझ्याकडे कागदावर असेल तेच खरं. इथेही तसंच आहे, म्हणून तर ही वेळ आली…

हात दाखवून अवलक्षण नाही हे! अवलक्षण आधीच झालंय, ताई. आता फक्त हात दाखवायचा राहिलाय.

काय?… हो. तो विचार मी केलाय. दोन रात्री तोच करतेय. मला काढलं तर उरलेल्या अठरा कासवांचं काय. नवीन कोणीतरी पोरगी येईल, तिला कुठली जागा कुणाची, कोण कुठे उन्हाला बसतं, काही माहीत नसणार. तिला कासव आणि दगड यातला फरक कळायला महिना जाईल… हो, खरं आहे तुझं. मी राहिले तर त्यांचं भलंच होईल. मीही स्वतःला हेच सांगत होते. कासवांसाठी गप्प बसतेय मी. किती छान वाटतं ना ऐकायला?

पण उद्या मी कुठे पांढरी फीत बांधली तर ती खरीच पांढरी आहे, हे कोणी कशावरून मानायचं? मी खरं सांगितलं तर सगळं काम थांबवावं लागेल. माझी प्रत्येक पांढरी फीत पुन्हा तपासावी लागेल, दुसऱ्या माणसाकडून. आणि तपासायलाच हवी गं. एकदा केलं ते मी अजून कुठे केलं नसेल कशावरून? मला आठवत नाहीये. शपथ, काल रात्री अंथरुणावर पडून मोजत होते आणि मला आठवत नव्हतं…

नाही, सोलरच्या नावाने खडे फोडत नाहीये मी. उलट… तू विसरलीस? आपलं घर, कोळशाच्या वीजघरामागे. सकाळी दोरीवर टाकलेले कपडे संध्याकाळी काळे. बाबांचा खोकला. बाबा गेले तेव्हा उशीच्या अभ्र्यावर काय होतं ते तूच धुतलंस… म्हणूनच आले ना मी या कामाला. सगळ्यांना सांगत सुटले, उन्हाची वीज हवीच, धूर नको आता कुणाच्या छातीत. कासवंही राहतील, फक्त बांधायच्या आधी नीट बघा. आणि नीट बघायला मलाच ठेवलं त्यांनी…

चूक होते माणसाच्या हातून, हो. मान्य. चुकीचं मी म्हणतच नाहीये.

मी पुढचं सांगितलंच नाही तुला.

मंगळवारी दुपारी दादा इथे आले. या दारात उभे राहिले. पहिल्यांदा साहेबांना ठणकावून सांगत होते, पांढरी होती म्हणून. मग चार लोकांनी कागद दाखवला, तेव्हा म्हणाले, पांढरी वाटली. आणि मग माझ्याकडे येऊन विचारलं, मॅडम, तुम्ही बांधलीत ना, मला एवढंच सांगा, लाल होती का?

आणि मी… मी मान हलवली. ‘हो’ अशी.

बोलले नाही काही. फक्त मान. जणू काही मान हलवली तर ते खोटं होत नाही…

हं. खाई त्याला खवखवे. म्हण, म्हण अजून. आहेच माझ्या नशिबात…

नाही ताई, मी तुझ्यावर चिडत नाहीये. तू काळजीपोटीच बोलतेस. पण तू उंटावरून शेळ्या हाकतेयस. तू त्या माणसाचा चेहरा बघितला नाहीस. मी ‘हो’ म्हटलं आणि त्याने माझ्यावर विश्वास ठेवला गं. लगेच. स्वतःच्या डोळ्यांवर नाही, माझ्यावर. म्हणाले, मग माझ्याच हातून झालं. आणि पायऱ्या उतरताना कठड्याला धरून उतरले, आंधळ्यासारखे…

आज? आज कामावर नाहीत. वॉचमन सांगत होता, डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलेत.

हो. डोळे तपासायला.

तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. जबाब समोर आहे, पेन हातात आहे, आणि…

काय?… आजारपणाची रजा टाकू?… चारच्या आत निघून जाऊ? आणि मग काय, उद्या परत हाच कागद… नाही… ताई, ऐक… ताई, एक मिनिट. कोणीतरी आलंय. दार वाजतंय.

कोण?… या ना… उघडंच आहे.

ताई, ते आलेत. दादा… नाही, ठेवू नकोस. थांब तू. तू असलीस की मला…

या दादा. बसा… काही नाही, बहीण आहे माझी फोनवर… काय झालं? काय म्हणाले डॉक्टर?… चिठ्ठी? बघू…

ताई, डोळे चांगले आहेत. लिहून दिलंय. रंगसुद्धा ओळखता येतात सगळे.

मग चांगलंच आहे ना, दादा… मग काय झालं?… डोक्याचा फोटो? डोक्याचा कशाला?… डॉक्टरने नाही, मग?… तुम्हीच म्हणालात?… नाही, असं कसं, डोळे चांगले आणि लाल पांढरं दिसलं म्हणून डोकं… कोणी सांगितलं तुम्हाला?… तुमच्या मुलीने मशीन चालवणं बंद करायला सांगितलं? आणि दुचाकीची किल्लीपण काढून घेतली?…

ऐकतेयस, ताई?… नाही… नको… मला थांबवू नकोस. आता नको.

दादा, आधी बसा. खुर्चीवर बसा… नाही, उभं राहून नाही सांगता येणार मला.

तुमच्या डोक्याला काही झालेलं नाही. फीत पांढरीच होती. मी बांधली. लाल संपली होती म्हणून पांढरी बांधली, आणि कोणाला बोलले नाही. तुम्ही बरोबर बघितलंत. दादा, तुम्ही अगदी बरोबर बघितलंत…

हो. माझ्या हातून झालं.

हो, चारला साहेबांनाही हेच सांगणार आहे. हा जबाब… हा बघा, फाडला.

ताई, आहेस ना?… ते… चिठ्ठीची घडी घालतायत नुसते… चिडलेले नाहीत गं. चिडले असते तर बरं झालं असतं…

काय, दादा?

हं…

ताई… ते विचारतायत, मग त्या दिवशी तुम्ही मान का हलवलीत.

काय सांगू?… ताई? बोल ना काहीतरी. मघापासून एवढं बोलत होतीस… ताई?…

नाही. राहू दे. मलाच सांगायला हवं. ठेवते.